फ्लॉपवर तिन्ही पाने बदामची : पोकरमध्ये आधी बोलणाऱ्या खेळाडूचे गणित

पोकरच्या ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारात टेबलावर प्रथम उघडली जाणारी तीन सामाईक पाने एकाच चिन्हाची निघाली, तर त्या मांडणीला ‘मोनोटोन फ्लॉप’ म्हणतात. तिन्ही बदाम, तिन्ही इस्पिक, तिन्ही किलवर किंवा तिन्ही चौकट. अशा वेळी सर्वांत अवघड स्थिती ज्याला सर्वांआधी निर्णय घ्यावा लागतो त्या खेळाडूची असते. हातात चांगली जोडी असते, पॉटमध्ये रक्कम जमलेली असते, आणि मागे बसलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे त्या चिन्हाची दोन पाने आहेत, एक आहे की एकही नाही, हे कळायला मार्ग नसतो. अनेक खेळाडू इथे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण घाबरून उत्तम हात टाकून देतात, तर काही जण ‘आत्ताच सगळ्यांना बाहेर काढू’ म्हणून मोठी रक्कम लावून बसतात. या दोन्ही चुका का होतात आणि त्यांच्यामधला मार्ग कोणता, याचा हा आढावा.

खेळाची रचना

टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. त्यानंतर टेबलावर तीन पाने उघडली जातात, तो फ्लॉप. मग चौथे पान, तो टर्न, आणि शेवटी पाचवे, तो रिव्हर. स्वतःची दोन आणि टेबलावरची पाच, अशा सात पानांतून सर्वोत्तम पाच पानांचा हात तयार होतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची एक फेरी होते. या खेळाचे जन्मस्थान म्हणून अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला मान्यता दिली. लास व्हेगासच्या हॉर्सशू कॅसिनोत १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेने त्याला जगभर नेले.

नऊ जणांच्या टेबलावर वाटप करणाऱ्याची जागा एका चकतीने दाखवतात. तिला बटन म्हणतात. बटनाच्या डावीकडचे दोन खेळाडू पाने पाहण्याआधीच सक्तीची रक्कम भरतात, ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. त्यांच्या लगत डावीकडे बसलेले दोन-तीन खेळाडू म्हणजे ‘अर्ली पोझिशन’, आधीची जागा. फ्लॉपपूर्वी पहिला निर्णय त्यांचा असतो. फ्लॉपनंतरही त्यांच्याआधी केवळ ब्लाइंडचे खेळाडू बोलतात, तेही डावात उरले असतील तर. उरलेले सर्व जण त्यांची चाल पाहून मग आपली चाल ठरवतात.

पाच टक्क्यांचा प्रसंग

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला या प्रसंगाचे गणित परके नाही. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे गट निघतात. त्यांपैकी १,०९६ गट ‘कलर’चे आणि ४८ गट ‘प्युअर सिक्वेन्स’चे असतात. दोन्ही मिळून एकाच चिन्हाचे १,१४४ गट होतात, म्हणजे सुमारे ५.२ टक्के. पोकरचा फ्लॉप हाही तीन पानांचाच असल्यामुळे साधारण वीस फ्लॉपांमध्ये एकदा मोनोटोन फ्लॉप येतो.

मात्र एका बाबतीत तीन पत्तीची सवय इथे घात करते. तीन पानांच्या खेळात सिक्वेन्स कलरपेक्षा दुर्मिळ असल्याने सिक्वेन्स वरचढ ठरतो. पाच पानांच्या पोकरमध्ये क्रम उलटतो. पाचही पाने एका चिन्हाची असणे, म्हणजेच ‘फ्लश’, हे पाच पानांच्या सलग क्रमापेक्षा, म्हणजे ‘स्ट्रेट’पेक्षा, अधिक दुर्मिळ असते आणि म्हणून वरचढ ठरते. २५,९८,९६० संभाव्य हातांपैकी फ्लश ५,१०८, तर स्ट्रेट १०,२०० असतात.

मोनोटोन फ्लॉपचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. गड्डीत बदामची राणी एकच असते. म्हणून तिन्ही पाने बदामची असतील, तर त्यांत जोडी असूच शकत नाही. जोडी नाही, म्हणून फ्लॉपवर कोणाचेही ‘फुल हाउस’ तयार झालेले नसते. त्या क्षणी सर्वांत बलवान हात फ्लशच, क्वचित त्याच चिन्हाचा सलग क्रम. सगळी भीती आणि सगळी आशा एका चिन्हाभोवती एकवटते ती यामुळे.

प्रतिस्पर्ध्याच्या हाती काय असू शकते

फ्लॉपवर बदामची राणी, अठ्ठी आणि तिर्री आली आहे, आणि आधी बोलणाऱ्या खेळाडूच्या हातात एकही बदाम नाही, असे समजू. त्याला न दिसलेली ४७ पाने उरतात, त्यांत दहा बदाम. एका प्रतिस्पर्ध्याच्या दोन पानांचे १,०८१ गट संभवतात. त्यांपैकी ४५ गटांत दोन्ही पाने बदामची, म्हणजे ४.२ टक्के, ३७० गटांत एक बदाम, म्हणजे ३४.२ टक्के, आणि ६६६ गटांत एकही बदाम नाही, म्हणजे ६१.६ टक्के.

तयार फ्लशची शक्यता दिसते त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, हा यातला पहिला धडा. पण हे आकडे कोणत्याही दोन पानांवर खेळणाऱ्या माणसाचे आहेत. खरा प्रतिस्पर्धी फ्लॉपपूर्वी पैसे भरून आलेला असतो. तो एकाच चिन्हाची सलग पाने आवडीने खेळतो आणि निकामी पाने टाकून देतो. त्यामुळे त्याच्याकडे फ्लश असण्याचे प्रमाण या हिशेबापेक्षा वाढते. ते मोजण्याची सोपी रीत अशी. दश्शी-नव्वी ही एकाच चिन्हाची पाने चार प्रकारे मिळू शकतात आणि त्यांपैकी एक प्रकार बदामचा असतो. म्हणजे फ्लॉपवर नसलेल्या पानांच्या अशा प्रत्येक जोडगोळीचा चौथा भाग फ्लश असतो. दहिल्यांसारखी जोडी सहा प्रकारे मिळते. त्यांपैकी तीन प्रकारांत एक बदाम असतोच. एक्का-राजा वेगवेगळ्या चिन्हांचे असतील तर बारा प्रकार, त्यांतील सहांत एक बदाम.

आधी बोलण्याची किंमत

आधीच्या जागेवरून शहाणा खेळाडू मोजकेच हात खेळतो, कारण मागे सहा-सात जण निर्णय घ्यायचे असतात. त्याची यादी साधारण अशी असते : एक्क्यांपासून सत्त्यांपर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच चिन्हाचे एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. वरील बदामच्या फ्लॉपवर या यादीतले ९२ प्रकार शिल्लक राहतात. त्यांपैकी फक्त पाच फ्लश आहेत, २७ प्रकारांत एक बदाम आहे, आणि तब्बल ६० प्रकारांत एकही बदाम नाही.

आता बटनावर बसून केवळ रक्कम जुळवणाऱ्या खेळाडूचा विचार करू. तो एकाच चिन्हाची लहान सलग पानेही खेळतो. त्याच्या फ्लशच्या यादीत बदामचे एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-नव्वी, राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, सत्ती-छक्की, छक्की-पंजी, पंजी-चौकी असे दहा हात सहज बसतात. पाचाच्या समोर दहा. मोठ्या जोड्या आधीच्या जागेकडे अधिक आहेत, म्हणून सरासरी बळ अजून तिच्याकडेच आहे. परंतु फ्लशसारखे टोकाचे बळ मागच्या जागेकडे सरकले आहे, आणि माहितीचा लाभही मागच्यालाच आहे. मोनोटोन फ्लॉपवर आधीच्या जागेने सावध का राहायचे, याचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

एक अपवाद नोंदवायला हवा. फ्लॉपपूर्वी केवळ बिग ब्लाइंडनेच रक्कम जुळवली असेल, तर फ्लॉपनंतर तो आधी बोलतो आणि मूळ रक्कम वाढवणारा खेळाडू नंतर. तेव्हा नाव ‘अर्ली पोझिशन’ असले तरी डावातील स्थान मागचे ठरते. बिग ब्लाइंडने चेक केल्यावर लहान रक्कम पुष्कळ वेळा लावता येते.

रक्कम लहान का ठेवायची

एक नमुना डाव घेऊ. ब्लाइंड ५० आणि १०० चिपांचे, प्रत्येकासमोर १०,००० चिपा. आधीच्या जागेने ३०० लावले, बटनाने जुळवले, बाकीच्यांनी पाने टाकली. पॉटमध्ये ७५० चिपा जमल्या आणि दोघांकडे प्रत्येकी ९,७०० उरल्या. फ्लॉप तोच, बदामची राणी, अठ्ठी, तिर्री.

आधी बोलणाऱ्याने २५० लावले, म्हणजे पॉटच्या एक-तृतीयांश, तर निव्वळ हुलकावणी म्हणूनही ही चाल चारांतून एकदा यशस्वी झाली की नुकसान होत नाही. पूर्ण ७५० लावले तर तीच चाल दोनांतून एकदा यशस्वी व्हावी लागते. प्रतिस्पर्ध्याकडे बदाम नसलेले हात मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतले बरेचसे २५० चिपांपुढेही टिकत नाहीत. जे काम २५० मध्ये होते त्यासाठी ७५० धोक्यात घालण्याचे प्रयोजन उरत नाही.

रक्कम जसजशी वाढते तसतसा जुळवणारा हात बलवान होत जातो, हे दुसरे कारण. ७५० चिपा जुळवायला कोण थांबतो? फ्लश असलेला, तीन राण्या किंवा तीन अठ्ठ्या असलेला, आणि बदामचा एक्का असलेला. म्हणजे मोठी रक्कम लावणारा खेळाडू कमकुवत हातांना घालवून देतो आणि स्वतःला फक्त धोकादायक हातांसमोर उभे करतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. लहान रकमेमुळे एक बदाम बाळगणाऱ्याला चौथ्या बदामची स्वस्तात वाट पाहता येते, असे म्हणतात. हिशेब असा आहे. २५० जुळवणाऱ्याला एकूण १,२५० च्या पॉटसाठी २५० द्यावे लागतात. ते परवडण्यासाठी २० टक्के शक्यता हवी. एक बदाम हाती असलेल्याला पुढचे पान बदामचे मिळण्याची शक्यता ४७ पैकी नऊ, म्हणजे १९.१ टक्के. भाव जवळजवळ बरोबरीचा आहे, दान दिल्यासारखा नाही. शिवाय हाती बदामची पंजी किंवा छक्की असेल तर चौथा बदाम येऊनही त्याला वरच्या बदामची धास्ती राहते. त्या भावाचा खरा लाभ बदामचा एक्का किंवा राजा बाळगणाऱ्यालाच होतो.

दोन एक्के, पण कोणते?

या विषयाचा गाभा एका तुलनेत सापडतो. आधीच्या जागेवरील खेळाडूच्या हातात दोन एक्के आहेत. एका प्रसंगी ते इस्पिक व किलवरचे आहेत, दुसऱ्या प्रसंगी बदाम व किलवरचे. प्रतिस्पर्ध्याकडे बदामची सत्ती-छक्की आहे, म्हणजे फ्लश तयार आहे.

पहिल्या प्रसंगी जिंकण्यासाठी टर्न आणि रिव्हर दोन्ही पाने अनुकूल यावी लागतात. तरच फुल हाउस किंवा चार एक्के होतात. उरलेल्या ४५ पानांतून दोन पानांचे ९९० गट संभवतात आणि त्यांपैकी केवळ २८ उपयोगी पडतात, म्हणजे सुमारे २.८ टक्के. दुसऱ्या प्रसंगी चौथा बदाम आला की एक्क्याचा फ्लश होतो आणि सत्तीचा फ्लश हरतो. प्रतिस्पर्ध्याला सलग बदाम मिळण्याचे तीन गट वजा केले तरी ३१२ गट उपयोगी पडतात, म्हणजे सुमारे ३१.५ टक्के. फ्लॉपपूर्वी या दोन हातांची किंमत सारखीच होती. एका पानाच्या चिन्हामुळे ती आता अकरा पटींनी वेगळी झाली आहे.

म्हणून मोनोटोन फ्लॉपवर ‘माझ्याकडे केवढी जोडी आहे’ यापेक्षा ‘माझ्याकडे त्या चिन्हाचे पान आहे का, आणि ते केवढे आहे’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. बदामचा एक्का हाती असण्याचा दुहेरी उपयोग होतो. एक तर सर्वोच्च फ्लश होण्याची वाट उघडी राहते. दुसरे, तो एक्का प्रतिस्पर्ध्याकडे असू शकत नाही. म्हणजेच सर्वोच्च फ्लश त्याच्याकडे आत्ताही नाही आणि पुढेही होणार नाही. या अडवणाऱ्या पानाला खेळाडू ‘ब्लॉकर’ म्हणतात.

नमुना डावात आधी बोलणाऱ्याने २५० लावले आणि बटनाने ते वाढवून ९०० केले, असे समजू. आणखी ६५० भरल्यास पॉट २,५५० होतो. म्हणजे साडेपंचवीस टक्के शक्यता हवी. बदामचा एक्का असलेला खेळाडू हे निश्चिंतपणे भरू शकतो, कारण तयार फ्लशविरुद्धही त्याच्याकडे तेवढी शक्यता आहे आणि अन्य पुष्कळ हातांविरुद्ध तो पुढेच आहे. बदाम नसलेले दोन एक्के बाळगणाऱ्याला मात्र समोरचा माणूस ओळखावा लागतो. क्वचितच रक्कम वाढवणाऱ्या सावध खेळाडूविरुद्ध पाने टाकणे योग्य. नुसत्या एका मोठ्या बदामावरही आक्रमण करणाऱ्याविरुद्ध एकदा जुळवता येते. पण चौथा बदाम आला, किंवा टर्नवर पुन्हा मोठी रक्कम आली, तर बाहेर पडण्याची तयारी ठेवूनच. समोर ९,७०० चिपा असताना ७५० च्या पॉटसाठी सर्वस्व पणाला लावणे, हीच या प्रसंगातली सर्वांत महाग चूक आहे. दोन एक्के टाकून देणे मनाला पटत नाही, म्हणूनच ती वारंवार घडते.

इतर हातांचे काय करावे

तीन अठ्ठ्या : हातात अठ्ठ्यांची जोडी आणि टेबलावर बदामची अठ्ठी, अशा तिकडीला ‘सेट’ म्हणतात. हा हात फ्लशविरुद्ध मागे असला तरी निराधार नसतो. टेबलावर जोडी लागली की फुल हाउस होते. बदामच्या सत्ती-छक्कीविरुद्ध तीन अठ्ठ्यांना जिंकण्याची सुमारे ३४ टक्के शक्यता राहते. म्हणून लहान रक्कम लावावी, प्रतिस्पर्ध्याने वाढवली तर जुळवावी. एकदम पाने टाकू नयेत.

सर्वोच्च फ्लश : बदामचे एक्का-राजा हाती आले तर घाई नको. कधी लहान रक्कम लावावी, कधी चेक करावे. मात्र नेहमी चेकच केले तर समोरच्याला कळते.

लहान फ्लश : गुलाम-दश्शीचा फ्लश बलवान दिसतो, पण तो नाशवंत असतो. उरलेल्या आठ बदामांपैकी एखादा टर्नवर येण्याची शक्यता १७ टक्के आणि रिव्हरपर्यंत येण्याची सुमारे ३१ टक्के. तो आला की एकच मोठा बदाम बाळगणारा पुढे निघून जातो. त्यामुळे अशा हाताने फ्लॉपवरच रक्कम लावायला सुरुवात करावी.

बदाम नसलेली मधली जोडी : गुलाम, दहिले, नव्वे किंवा सत्त्या, तेही बदामाविना. इथे चेक हाच नियम. समोरून लहान रक्कम आली तर एकदा जुळवता येते. दुसऱ्यांदा सहसा नाही.

बदाम नसलेला एक्का-राजा : जोडी नाही, फ्लशची वाटही नाही. चेक करावे आणि रक्कम आली तर पाने सोडावीत. याउलट एक्का बदामचा असेल तर तोच हात हुलकावणीसाठी उत्तम ठरतो. तो पकडला गेला तरी सुधारण्याची वाट शिल्लक असते.

चेक म्हणजे शरणागती नव्हे

आधीच्या जागेवरील यादीतील ९२ पैकी ६० हातांत बदाम नसेल, तर चेकचे प्रमाण मोठे असणे स्वाभाविक आहे. प्रश्न असा की चेक म्हणजे दुर्बळता, असे समोरच्याने ओळखले तर तो दर वेळी रक्कम लावून पॉट घेऊन जाईल. त्यावर उपाय म्हणजे काही बलवान हातही चेकच्या गटात ठेवणे : कधी सर्वोच्च फ्लश, कधी बदामच्या एक्क्यासह मोठी जोडी. चेकनंतर समोरच्याने रक्कम लावल्यावर ती वाढवता येते, याची जाणीव त्याला राहिली की तो हात आखडता घेतो. नंतर बोलणाऱ्याचा लाभ त्यामुळे नाहीसा होत नाही, पण कमी होतो.

खेळाडू वाढले की

वरील सर्व विवेचन मुख्यतः एका प्रतिस्पर्ध्यासाठी आहे. स्वतःकडे बदाम नसताना एका प्रतिस्पर्ध्याकडे किमान एक बदाम असण्याची शक्यता ३८ टक्के असते. प्रतिस्पर्धी दोन असतील तर त्यांपैकी कोणाकडे तरी बदाम असण्याची शक्यता ६३ टक्के, आणि तीन असतील तर ७८ टक्के. तिघांपैकी एकाकडे फ्लश तयार असण्याची शक्यताही सुमारे १२ टक्क्यांवर जाते. चार जण फ्लॉप पाहत असताना बदामाविना दोन एक्के म्हणजे मध्यम ताकदीचा हात. तिथे हुलकावणी जवळजवळ बंद करावी आणि रक्कम लावायची ती सेट, मोठा फ्लश किंवा मोठ्या बदामसह मोठी जोडी असेल तेव्हाच.

चौथे पान

स्वतःकडे बदाम नसेल तर टर्नवर चौथा बदाम येण्याची शक्यता २१ टक्के असते, आणि रिव्हरपर्यंत येण्याची ३८ टक्के. तो आला की एक्क्याशिवाय किंवा राजाशिवाय पुढे रक्कम लावण्यात अर्थ उरत नाही. बदामचा एक्का असेल तर मोठी रक्कम लावण्याची हीच वेळ.

टर्नवर दुसऱ्या चिन्हाचे पान आले तर चित्र वेगळे असते. वाट पाहणाऱ्याकडे आता एकच पान उरते, त्यामुळे त्याचा हात निम्म्याने दुबळा होतो. इथे सेट आणि मोठा फ्लश यांनी रक्कम वाढवावी, कारण वाट पाहणाऱ्याकडून भाव वसूल करण्याची ही शेवटची संधी असते. बदामचा एक्का असलेला पण अजून काहीच न जुळलेला हातही इथे मोठी रक्कम लावू शकतो. समोरचा लहान फ्लश घेऊन बसला असेल तर त्याला सर्वोच्च फ्लशची भीती वाटणारच. टर्नने टेबलावर जोडी लावली तर सेट बाळगणाऱ्याचे फुल हाउस होते, आणि फ्लश घेऊन निर्धास्त बसलेल्याने सावध होण्याची ती वेळ असते.

हे शहाणपण आले कुठून

हुलकावणी हा केवळ धीटपणाचा नव्हे तर गणिताचा विषय आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ च्या शोधनिबंधातून पाया घातलेल्या आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात विस्तारलेल्या खेळ-सिद्धान्ताने दाखवले. खेळाडूंमध्ये डॉइल ब्रन्सन यांच्या ‘सुपर सिस्टम’ या पुस्तकाने आक्रमक खेळाचा पुरस्कार केला, तर डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ने शक्यतांच्या हिशेबाला महत्त्व दिले. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंचा, ठरावीक रकमेचा होल्डेम संगणकाने जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या संगणक-प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर नामवंत खेळाडूंना मागे टाकले. त्यानंतर संगणकाची मदत घेऊन अभ्यास करणे सर्रास झाले, आणि मोनोटोन फ्लॉपवर लहान रक्कम आणि वारंवार चेक ही पद्धत रूढ झाली.

गोव्यातील कायदा आणि वास्तव

गोव्यात या विषयाला कायद्याची चौकट आहे. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरील खेळांना परवानगी मिळाली. मांडवीतील कॅसिनो जहाजे त्यातून आली. गोव्यातील रहिवाशांना मात्र फेब्रुवारी २०२० पासून या कॅसिनोंत खेळण्यासाठी प्रवेश नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानले होते, पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत.

कायद्याइतकेच अर्थकारणही लक्षात घ्यावे लागते. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, पण कॅसिनो प्रत्येक पॉटमधून ठरावीक हिस्सा कापून घेतो. त्याला रेक म्हणतात. म्हणजे टेबलावरील सर्वांची मिळून बेरीज नेहमी उणे असते. इतरांपेक्षा थोडे चांगले खेळणे पुरत नाही; तो हिस्सा भरून निघेल एवढे चांगले खेळावे लागते. शिवाय मोनोटोन फ्लॉप वीस फ्लॉपांत एकदाच येतो. त्यावरचे अचूक निर्णय पुष्कळ वाचवतात, पण एका बैठकीचा निकाल नशीबच ठरवते. ३१ टक्क्यांची बाजू तीनांतून दोनदा हरते, आणि ती सलग पाच वेळाही हरू शकते.

या गणिताची पडताळणी करायला कॅसिनोची गरज नाही. घरात बदाम सात खेळण्यासाठी ठेवलेली गड्डी पुरेशी आहे. ती नीट पिसून तीन-तीन पाने उघडावीत, प्रत्येक वेळी गड्डी पुन्हा पिसावी, आणि शंभर वेळा नोंद करावी. पाच-सहा वेळा तिन्ही पाने एका चिन्हाची निघतील, कधी दोनदाच, कधी नऊ वेळा. मग बदामची राणी, अठ्ठी, तिर्री बाजूला ठेवून एकदा काळे एक्के आणि एकदा बदामच्या एक्क्यासह जोडी घ्यावी, समोर बदामची सत्ती-छक्की मांडावी आणि उरलेल्या पानांतून दोन-दोन पाने उघडत जावे. पन्नास वेळा हे केले की काळे एक्के एक-दोनदा जिंकलेले दिसतील, आणि बदामचा एक्का असलेली जोडी पंधरा-सोळा वेळा.